महिपती टेलरची बारावी सुई

महिपती सोनटक्के मला अजूनही ‘बत्तीस’ म्हणतात. माझी कंबर बत्तीस होती त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. मधल्या काळात ती चौतीस झाली, छत्तीस झाली, आणि त्यापुढचा आकडा सांगायला मी बांधील नाही. पण महिपती टेलर गिऱ्हाइकाला त्याच्या पहिल्या मापाने ओळखतात आणि जन्मभर त्याच मापाने हाक मारतात. आमच्या गल्लीत एक प्राध्यापक होते. त्यांना ते भर रस्त्यात “अहो चव्वेचाळीस” म्हणून थांबवत. प्राध्यापकांनी एकदा नाराजी दाखवली, तेव्हा म्हणाले, “मी वाढवून तर सांगत नाही ना?”

सदाशिव पेठेत पिठाच्या गिरणीला लागून त्यांचं दुकान होतं, ‘न्यू महिपती टेलर्स’. जुनं महिपती टेलर्स कुणी कधी पाहिलं नव्हतं. गिरणीची भुकटी भिंतीच्या फटीतून आत यायची, त्यामुळे तिथून आणलेली काळी पँट पहिल्यांदा घालताना थोडी गव्हाची लागायची. महिपती मूळचे वर्ध्याकडचे. सतराव्या वर्षी पुण्यात आले. इथली भाषा उचलायला त्यांना दोन वर्षं लागली आणि तोडून बोलायला दोन आठवडे. कपडा कधी मिळेल, असं विचारलं की ते “गुरुवारी या” म्हणत. गुरुवारी दुपारी जावं तर दुकानाला कुलूप. पुण्यात दुपारी एक ते चार दुकान बंद असण्यात संशय घेण्यासारखं काही नसतं, त्यामुळे या कुलपामागे काही असेल हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

त्यांची एक सवय मात्र सगळ्या गल्लीला ठाऊक होती. संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी ते नाडीला बांधलेलं एक घोड्याच्या नालेसारखं लोहचुंबक काढायचे आणि ते जमिनीच्या अगदी वरून, इकडून तिकडे, पाळीव जनावराला फेरी घालून आणावी तसं सगळ्या दुकानभर फिरवायचे. पडलेल्या सुया, टाचण्या त्याला येऊन चिकटायच्या. मग त्या मोजून पत्र्याच्या डबीत. राधावहिनींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, टाचेत एकदा सुई मोडली होती, तेव्हापासूनचा हा नेम. आम्ही कॉलेजातली मुलं याला ‘महिपतींची आरती’ म्हणायचो. कुणी तरी टाळ्याही वाजवायचं. ते मान वर न करता म्हणायचे, “पायात गेली की वाजवा.”

आता जे सांगणार आहे ते मला कळायला फार वर्षं लागली. तुम्हाला आधीच सांगून टाकतो. महिपतींना एचआयव्ही आहे. राधावहिनी त्यातच गेल्या, सरकारी मोफत गोळ्या सुरू व्हायच्या एक वर्ष आधी. कुणाकडून कुणाला, हा प्रश्न मी त्यांना कधी विचारला नाही. ज्यांना तो विचारावासा वाटतो, त्यांनी आधी स्वतःचं माप घ्यावं. आणि हे सगळं लिहू का, असं मी त्यांना विचारलं आहे. “लिहा,” म्हणाले, “फक्त माझी शिलाई वाकडी होती असं लिहू नका.”

इथेच पंचाईत आहे, कारण शिलाई वाकडी झाली होती.

गोळ्यांनी त्यांना वाचवलं. रोज सकाळी नऊच्या ठोक्याला गोळी, यात एक दिवस चूक नाही; पँटच्या तारखा पाळल्या नाहीत इतक्या कसोशीने त्यांनी ही वेळ पाळली. पण सुरुवातीच्या काळातल्या एका गोळीने जाता जाता पायांच्या नसा दुखावल्या. डॉक्टरांनी पुढे ती बदलली, पायांची आग मात्र राहिली. तळवे निखाऱ्यावर ठेवल्यासारखे जळायचे आणि त्याच वेळी बधिरही असायचे. शिलाई मशीनचं पायडल पायाखाली आहे की नाही हेच कळेना. टीप भरकटायला लागली. त्या वर्षी त्यांनी मला शिवून दिलेल्या पँटचा डावा पाय उजव्याशी भांडण झाल्यासारखा बाहेर चालला होता. ती पँट मी दुकानात सगळ्यांसमोर नाचवली आणि म्हणालो, “महिपतराव, ही पँट घालून मला कर्वे रोडला जायचं असलं तरी ही मला स्वारगेटला नेते.” सगळे हसले. महिपती हसले नाहीत. त्यांनी पँट परत घेतली आणि सगळी शिवण उसवून हाताने घातली. तो विनोद मला तेव्हा फार आवडला होता. आता तो आठवला की मीच उसवल्यासारखा होतो.

महिन्यातून एका रविवारी त्यांची, म्हणजे एचआयव्हीसह जगणाऱ्या लोकांची, एका संस्थेत बैठक असायची. तिथे महिपती रक्तातल्या पेशींच्या आकड्यालाही मापच म्हणायचे. कुणी तपासणी करून आलं की, “काय, माप किती आलं?” साडेपाचशे म्हटलं की, “वा, भरलात.” एका रविवारी तिथल्या समुपदेशक अक्षताताईंनी सांगितलं की पायांच्या आगीवर काही जणांना ॲक्युपंक्चरने आराम पडतो. गोळ्या चालूच ठेवायच्या, आजार याने जात नाही, फक्त दुखणं हलकं होतं, तेही सगळ्यांचं नाही.

मग जी चर्चा झाली तिचं वर्णन महिपतींच्या तोंडून ऐकावं. एकाचं म्हणणं पडलं की ही चिनी विद्या आहे आणि चिनी मालाची खात्री नसते. एका बाईंना पूर्वी कुणा वैद्याने गोळ्या बंद करायला लावल्या होत्या आणि त्या मरता मरता वाचल्या होत्या. या गोळ्यांखेरीज दुसऱ्या कुठल्याही उपचारासाठी त्यांनी कानाला खडा लावला होता. कुणाला वाटलं की टोचण्याने पेशी गळून जातील. मांजरी गावचे धोंडिबा म्हणजे ऊस लावणारा आडदांड गडी. ते म्हणाले, “दर तीन म्हैन्याला रगात काढत्यात, वर सलाइन हाय, इंजेक्शन हाय. आता आपल्या पायानं चालत जाऊन आनिक टोचून घ्यायचं? मानूस हाय का चाळन हाय?” यावर सगळे खूप हसले. खरी भीती शेवटी एका कोपऱ्यातून हळूच आली. तिथे फॉर्म भरायला लागेल, आजार विचारतील, मग काय लिहायचं?

त्यावर कुणी हसलं नाही. महिपतींना तर याचा ताजा अनुभव होता. एका दातांच्या डॉक्टरला त्यांनी सरळपणे सांगितलं होतं, आणि त्याने त्यांना खुर्चीवरून, तोंडात कापूस असताना, दुसरीकडे जायला सांगितलं होतं.

तरी ते गेले. “सुईला शिंपीच भ्याला तर लोकांनी काय करायचं?” एवढंच कारण त्यांनी दिलं.

हेमाताईंचा दवाखाना आमच्याच पेठेत, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होता. चार कॉट, मध्ये गुडघ्यापर्यंत येणारे पडदे, स्पिरिटचा वास आणि कोपऱ्यात हळू आवाजात रेडिओ. चपला जिन्यात काढायच्या. आत बोलायचं नाही. हेमाताई स्वतः इतकं कमी बोलत की रोग्याला आपणच जास्त आजारी आहोत असं वाटे. त्यांनी महिपतींना फॉर्मवरचे प्रश्न विचारले. काय होतंय? तळपाय जळतात. आणखी काही आजार? महिपती म्हणाले, “नाही.”

जन्मभर सरळ टीप मारलेल्या माणसाची ही एक वाकडी टीप. ती त्यांना फार टोचत होती, म्हणूनच पुढचं सगळं झालं.

बारा सुया लागायच्या: दोन्ही पायांत मिळून आठ, गुडघ्यांजवळ दोन, दोन्ही हातांत अंगठ्याच्या बेचक्यात एकेक. दर वेळी नवं पाकीट फोडलं जायचं आणि वापरलेल्या सुया टोचणार नाही अशा बंद डब्यात जायच्या. महिपतींनी हे नीट पाहून घेतलं होतं. तरी त्यांचं समाधान नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी एक कोरी सुई मागून घेतली आणि खिशातलं लोहचुंबक तिच्याजवळ नेलं. थोडी कुरकुर करत का होईना, ती चिकटली. तेव्हापासून दर गुरुवारी उठताना ते सुया मोजून घेत आणि कॉटखाली लोहचुंबकाची एक फेरी मारत. हेमाताई म्हणाल्या, “हे काय?” महिपती म्हणाले, “धंद्याची सवय.” पुण्यात माणसाला एखादी विचित्र सवय असली की त्याला लोक मान देतात. विषय संपला.

माझा उजवा खांदा आखडला तेव्हा मी तिथे गेलो आणि शेजारच्या कॉटवर महिपती दिसले. चार वर्षांपासूनच्या गुरुवारच्या कुलपाचा उलगडा झाला. “पाय,” ते म्हणाले. “खांदा,” मी म्हणालो. पुढचे चार महिने आम्ही दर गुरुवारी शेजारी शेजारी, दोन पिनकुशनसारखे पडून होतो. तिसऱ्या कॉटवर निवृत्त पोस्टमास्तर सीतारामपंत गुडघे घेऊन असत आणि चौथीवर अर्धशिशीवाल्या एक बाई. दुपारची दोनची वेळ, खाली रद्दीवाल्याची लांबलेली हाक, वर पंख्याची टकटक. आयुष्यात इतकं शांत मी परत कधी पडून राहिलेलो नाही.

महिपतींच्या पायांची आग निम्म्याने उतरली होती. पण त्यांना गुरुवारची ओढ होती ती त्यासाठी नाही, हे त्यांनी मला पुष्कळ पुढे सांगितलं. सुई लावण्याआधी हेमाताई त्यांचं पाऊल हातात घेत आणि कुठे जळतंय ते अंगठ्याने दाबून पाहत. राधावहिनी गेल्यापासून त्यांच्या पायाला कुणी हात लावला नव्हता. “बत्तीस, मला दर गुरुवारी वाटायचं, हिला कळलं तर हा हात मागे जाईल. आणि दर गुरुवारी वाटायचं, आज सांगून टाकू.”

तो गुरुवार आषाढातला होता. त्या दिवशी महिपती कधी नव्हे ते गाढ झोपले. घोरलेसुद्धा. सीतारामपंतांनी पडद्यापलीकडून दोनदा खाकरून निषेध नोंदवला. पंचवीस मिनिटांनी हेमाताई आल्या, सुया काढून ट्रेमध्ये टाकत गेल्या आणि थांबल्या.

“अकराच लावल्या होत्या वाटतं.”

“बारा,” महिपती डोळे चोळत म्हणाले. “पायात आठ, गुडघ्याला दोन, हातात दोन.” त्यांनी उजवा हात पाहिला. अंगठ्याच्या बेचक्यात काही नव्हतं.

ते कॉटवरून उतरले आणि लोहचुंबक घेऊन खाली वाकले. एक फेरी झाली. दोन हेअरपिना निघाल्या, एक सेफ्टी पिन निघाली, स्टेपलरचा एक तुकडा निघाला. दुसरी फेरी झाली. चादर झटकू नका म्हणाले, हळूच गुंडाळली, तपासली. सुई नाही. एवढ्यात केरसुणी घेऊन मुक्ताबाई आल्या. चपलांचा नियम त्या सगळ्यांहून काटेकोर पाळत. त्या घरून निघतानाच बहुधा अनवाणी निघत.

“आत येऊ नका, मुक्ताबाई.”

“अहो काका, सुईच तर आहे, साप आहे का?” असं म्हणून त्यांनी पाऊल आत टाकलं.

“मागे व्हा म्हणतो ना!”

इतकी वर्षं मी महिपतींना ओळखतो, पण हा आवाज मी ऐकला नव्हता. पडदे बाजूला झाले. हेमाताई शांतपणे म्हणाल्या की दुसरी माणसं खोळंबली आहेत, मुक्ताबाई जपून झाडतील, एका सुईसाठी दवाखाना बंद ठेवायचा का?

“ठेवा,” महिपती म्हणाले. ते अजून गुडघ्यांवरच होते. लोहचुंबक हातात लोंबत होतं. “ताई, मला एचआयव्ही आहे. गोळ्या चालू आहेत, रक्तात आता सापडत नाही इतका कमी आहे. पण सुई माझी आहे, आणि त्या अनवाणी आहेत.”

आता मी काय केलं ते सांगतो, कारण दुसऱ्यांची टवाळी करणाऱ्याने एकदा तरी स्वतःची हजेरी घ्यावी. माझ्या खांद्यात सात सुया होत्या, पाय कॉटवरून खाली सुटलेले होते. मी ते वर घेतले. ज्या माणसाने माझी पहिली फुल पँट शिवली, त्याच्यासमोर, हळूच, कुणाला दिसणार नाही अशा बेताने, वर घेतले. सीतारामपंतांनी निदान तोंडाने विचारलं, “मग आम्ही पडून राहायचं की उठायचं, ते सांगा.”

हेमाताई वळल्या. जिन्यात गेल्या, स्वतःच्या चपला घेऊन आल्या आणि मुक्ताबाईंच्या पुढ्यात ठेवल्या. “घाला.” मग टेबलावरची बॅटरी घेतली आणि महिपतींच्या शेजारी गुडघे टेकून कॉटखाली उजेड टाकायला लागल्या. दोघं रांगत होते. मुक्ताबाई दोन मापं मोठ्या चपला घालून, आयुष्यात पहिल्यांदा त्या दवाखान्यात चपला घालायला मिळाल्याच्या अवघडलेपणाने, वरून पाहत होत्या. त्यांनाच ती दिसली.

“काका,” त्या म्हणाल्या, “तुमच्या छातीवर काय चमकतंय?”

शर्टाच्या बटणपट्टीवर, दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणाच्या मध्ये, कापडाच्या दोन पदरांतून आडवी, नीट ओवलेली. झोपेत हातातली सुई सैल होऊन निघाली असणार, दुसऱ्या हाताच्या बोटांना ती लागली असणार, आणि चाळीस वर्षांच्या धंद्यातली बोटं मालकाला न विचारता मोकळी सुई जिथे खोचतात तिथे ती खोचून मोकळी झाली. टोकसुद्धा आतल्या बाजूला वळवलेलं होतं. महिपती त्या सुईकडे, हनुवटी गळ्याला लावून, किती तरी वेळ बघत राहिले. हरवलेली सुई हरवलेलीच नव्हती. जे सांगायला चार वर्षं धीर झाला नाही ते सांगायची गरजच नव्हती.

हेमाताईंनी चिमट्याने ती काढली. “बारा,” म्हणाल्या आणि डब्यात टाकली. मग विचारलं, “फॉर्म भरताना का नाही सांगितलंत?”

“आपण नको म्हणाला असतात तर?”

हेमाताईंनी विचार केला. त्यांनी विचार केला याबद्दल मला त्यांचा आजही आदर वाटतो. दुसरा कुणी असता तर लगेच चांगलं वाक्य बोलून मोकळा झाला असता. “सुरुवातीच्या काळात म्हटलं असतं,” त्या म्हणाल्या. “आता नसतं म्हटलं. पण ते तुम्हाला कळणार कसं, हेही खरंच.”

महिपतींनी चादरीची घडी घातली, लोहचुंबक खिशात टाकलं आणि जिना उतरून गेले.

पुढचे दोन गुरुवार त्यांची कॉट रिकामी होती. अर्धशिशीवाल्या बाईही आल्या नाहीत. त्या पुढेही कधी आल्या नाहीत. सीतारामपंत आले आणि म्हणाले, मला माझ्या गुडघ्यांशी कर्तव्य आहे. दुसऱ्या गुरुवारी निघताना हेमाताईंनी मला एक कोरा फॉर्म दिला. “तुमच्या त्या सोनटक्क्यांना द्या. आधीचा चुकीचा भरलाय. त्यांना म्हणावं, चुकीच्या मापावर तेही शिवत नाहीत.”

दुकान गुरुवारी दुपारी उघडं होतं, हेच मुळात अशुभ होतं. महिपती पायडलवर जळते पाय ठेवून बसले होते. मी फॉर्म दिला, निरोप शब्दाला शब्द सांगितला. त्यांनी फॉर्म दोनदा वाचला, कापडाचा कस पाहावा तसा बोटांत धरून पाहिला. मी माझ्या पायांबद्दल काही तरी पुटपुटायला लागलो. त्यांनी थांबवलं.

“दिसलं मला, बत्तीस. वीतभर वर घेतलेत. इथे लोकांनी घरं बदलली आहेत. वीत म्हणजे मापात आहे.”

मग कानावरची पेन्सिल काढली आणि ‘आणखी काही आजार’ या ओळीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं. राधावहिनी असताना ते गिऱ्हाइकांची मापं वहीत याच अक्षरात लिहायचे.

पुढच्या गुरुवारी ते आले. हेमाताईंनी नेहमीसारखं त्यांचं पाऊल हातात घेतलं, अंगठ्याने दाबलं आणि विचारलं, “इथे?” पडद्याखालून मला फक्त त्यांची पावलं आणि ते हात दिसत होते. “इथेच,” महिपती म्हणाले.

त्या दिवसापासून हेमाताई सुया काढताना मोठ्याने मोजायला लागल्या. महिपती त्यांच्याबरोबर मोजत. मग सीतारामपंतही आपल्या मोजायला लागले, मीही. न बोलण्याच्या त्या दवाखान्यात दर गुरुवारी पाढे म्हटल्यासारखा आवाज व्हायचा. दोन महिन्यांनी महिपती मांजरीच्या धोंडिबांना घेऊन आले. फॉर्मवर खरं तेच लिहायचं, हे त्यांनी आधीच पढवून ठेवलं होतं. पहिली सुई लागली तेव्हा धोंडिबांनी डोळे गच्च मिटले होते. बाराही लागल्यावर त्यांनी विचारलं, “कवा सुरू करनार?” ते पाच-सहा वेळा आले, मग म्हणाले की आपल्याला फरक नाय, पन झोप झ्याक लागती. महिपती म्हणाले, “सगळ्यांना एक माप बसत नाही.”

आता ती इमारत नाही. तिथे दहा मजले उभे राहताहेत. हेमाताईंनी काम थांबवलं, गिरणीही गेली, आणि पेठेतली मुलं पँट शिवायची असते हेच विसरली. माझा खांदा पुन्हा आखडला तेव्हा मी दुसरीकडे गेलो. स्वच्छ, गार, काचेचं दार. सुया काढल्या तेव्हा कुणी मोजल्या नाहीत. मी मनात मोजल्या. सात.

महिपती मांजरीला भाचीच्या घरी असतात, धोंडिबांच्या शेजारी. सत्तरीला टेकलेत. माप सातशेच्या वर आहे, असं अभिमानाने सांगतात. मागच्या महिन्यात भेटायला गेलो, तर खिडकीशी मशीन मांडून भाचीच्या पडद्यांना टीप मारत होते. मशीनला मोटार बसवली आहे, पण ती लावत नाहीत. पायडलच. पाय थोडे जळतात, म्हणाले, पण पायडल कळतं.

माझ्या पँटचं बटण लोंबत होतं ते त्यांना दारातच दिसलं. आकडा विचारला नाही, मीही सांगितला नाही. बटण लावलं, दोरा दातांनी तोडला आणि सुई सवयीने छातीशी, बटणपट्टीवर खोचली. मग हनुवटी गळ्याला लावून तिच्याकडे पाहिलं, काढली आणि डबीत टाकली.

“एक,” ते म्हणाले.

मी उगीचच पुढच्या आकड्याची वाट पाहत उभा राहिलो.